खांद्याची उंची

काल संध्याकाळी मी नसलेली पायरी उतरले. भंडाऱ्यातल्या या घरात राहायला येऊन मला दोन महिने झालेत. आधीच्या घराला दारापुढे तीन पायऱ्या होत्या, इथे दोन आहेत. हे मला माहीत आहे. झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. पण काल हातात छत्री होती, आभाळ भरलेलं होतं, समोरच्या घरच्या दोघी एकमेकींना ‘तुमच्या गावचा रोवणा आटोपला का’ म्हणून विचारत होत्या आणि माझा कान तिकडे होता. पाय आपला जुन्या घराच्याच पायऱ्या उतरत होता. तिसरीसाठी तो मोठ्या विश्वासाने खाली गेला आणि तिथे सपाट फरशी निघाली. टाच अशी आदळली की दातावर दात बसले.

त्या दोघी हसल्या, मीही हसले. मग आत येऊन खुर्चीत बसले आणि डोळ्यांत पाणी आलं. टाच दुखली म्हणून नाही. रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे दिवस आणि चुकलेलं पाऊल, या दोन गोष्टी माझ्या आयुष्यात एकदा एकत्र आल्या होत्या, त्याची आठवण झाली म्हणून.

मी शाळेत विज्ञान शिकवते. पुढच्या वर्षी नोकरीतून सुटेन. इतकी वर्षं मुलांना सांगत आले की डोळा बघतो, कान ऐकतो आणि मेंदू त्याची नोंद घेतो. पुस्तकात तसंच आहे आणि परीक्षेत तसंच लिहावं. पण खरं विचाराल तर मेंदू इतका वेळ वाट बघत बसत नाही. तो लग्नघरातल्या आगाऊ मामासारखा आहे. पाहुणे यायच्या आधीच पंगतीच्या पत्रावळी मांडून मोकळा होतो. जितके येतील असं त्याला वाटलं तितकेच आले, तर तो कुणाच्या तोंडाकडेही बघत नाही, वाढत जातो. एखादी पत्रावळ रिकामी राहिली किंवा एक माणूस जास्तीचा आला, तरच मान वर करून म्हणतो, ‘हे कोण?’

सातवीच्या वर्गात मी दरवर्षी एक प्रयोग करते. तीन गंजांत, म्हणजे पातेल्यांत, पाणी घ्यायचं. एकात गरम, एकात थंड, मधल्यात कोमट. एक हात गरम पाण्यात, एक थंड पाण्यात, थोडा वेळ ठेवायचा आणि मग दोन्ही हात मधल्या गंजात घालायचे. एक हात म्हणतो थंड आहे, दुसरा म्हणतो गरम आहे. एका वर्षी एक मुलगी दोन्ही हात तसेच पाण्यात ठेवून मला म्हणाली, “बाई, पानी तं एकच आहे, मंग हे हात काहून भांडून राहिले?” वर्ग हसला. एकाच गंजात बुडालेले, एकाच पाण्याबद्दल भांडणारे दोन हात मला चांगले ओळखीचे होते. त्यातला एक मी होते, दुसरा माझा भाऊ. आणि पाणी म्हणजे आमचे बाबा.

भंडारा जिल्हा फुटून दोन-तीन वर्षं झाली होती. गोंदिया वेगळा झाला, कागद वाटले गेले, टेबलं-कपाटं वाटली गेली आणि माझा मोठा भाऊ प्रशांतदादा त्या कागदांच्या पाठोपाठ तिकडच्या कचेरीत गेला. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. सिहोऱ्याजवळच्या आमच्या गावात मी आणि बाबा दोघेच उरलो. गावच्याच शाळेत मला नोकरी होती. माझं लग्नाचं वय उलटून चाललं होतं आणि ते मला कमी, गावाला जास्त खुपत होतं.

त्याच सुमारास बाबांचे डोळे गेले. काचबिंदू होता. बाजूचं दिसणं हळूहळू कमी होत गेलं आणि त्यांनी ते कुणाला सांगितलंच नाही. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालताना दोनदा पाय घसरला तेव्हा चिखलाला दोष दिला. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आता जे गेलं ते परत येणार नाही. परतीच्या बसमध्ये तुमसर आलं तसं बाबा म्हणाले, “उजू, यंदा पऱ्हे लवकर टाकू. मले वेळ लागन.” रोपं टाकायला कुणाला वेळ लागतो? त्यांना शिकायला वेळ लागणार होता, हे मला पुढे समजलं.

आणि शिकले. वर्षभरात असे शिकले की बघत राहावं. भात शिजला की नाही, झाकणाच्या आवाजावरून सांगत. घरात कुणी नुसतं दारात उभं राहिलं तरी, वारा अडला म्हणून, त्यांना कळे. रोवण्याच्या दिवसांत ते आमच्या बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या, धुऱ्यावर काठी घेऊन उभे राहत. रोवणाऱ्या बाया ओणव्या होऊन, मागे मागे सरकत रोपं लावत. मागे बघत एकही नाही. बाबा म्हणत, “रोवनारीच्या पायाले डोरे रायते.” एक दिवस रोवणा चालू असताना ते अचानक ओरडले, “कौसल्याबाई, त्या कोपऱ्यात पानी जास्त झालं वं. रोप तरंगन. थोडं काढा.”

कौसल्याबाई आमच्याकडे दरवर्षी यायची, तोंडाची फटकळ. कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली. “बापू, तुमाले दिसते का मंग? का उगाच आमची मजा पाहून राहिले?”

“कानानं पाहून राहिलो,” बाबा म्हणाले. “चार बोटं पान्यात हात गेला तं वेगळा वाजते, वीतभर पान्यात वेगळा.”

बाया हसल्या, पण तो कोपरा बघितला तर पाणी खरंच जास्त होतं. मला इतका अभिमान वाटला. आणि त्याच क्षणी, खरं सांगते, रागही आला. एवढे जाणते कान आणि माझ्यासाठी बहिरे.

कारण त्या वर्षी मला एकच गोष्ट हवी होती. बाबांनी माझ्या पावलांचा आवाज ओळखून एकदा म्हणावं, ‘उजू आली.’

दादा शनिवारी यायचा. आमच्या फाटकापासून बऱ्याच अंतरावर रस्त्याच्या कडेला बोरिंग होतं, तिथे नेहमी बायांची भांडी वाजत असत. त्या सगळ्या कलकलाटातून दादाचे बूट वाजले की सपरीतल्या, म्हणजे पडवीतल्या, खाटेवर टेकलेले बाबा उठून बसायचे. हातातला अंबाडीचा दोर बाजूला ठेवायचे, सदरा नीट करायचे आणि रस्त्याकडे तोंड करून म्हणायचे, “प्रशांत आला.” त्यांचा चेहरा असा व्हायचा की काय सांगू. मी चुलीपाशी बसून तो चेहरा बघायची आणि भाकरी करपायची.

मी शाळेतून रोज यायची. शनिवार सोडून बाकीच्या दिवशी पाच वाजता, शनिवारी दुपारी. तेच बोरिंग, तेच फाटक. कडी काढायची, लावायची. बाबा दोर वळतच असत. मान वळत नसे. मी पिशवी खुंटीला लावायची, चहा ठेवायची, कप त्यांच्या उजव्या गुडघ्याशी ठेवायची. ते हात लांब करून कप उचलत आणि पीत. घरातल्या मांजरीला त्यांनी माझ्याहून जास्त वेळा हाक मारली असेल. एकदा मी मुद्दाम फाटक आपटलं. बाबा म्हणाले, “बिजागरीले तेल पाहिजे.”

मी दादावर जळत होते. हे सरळ लिहायला मला इतकी वर्षं लागली. तो वाईट असता तर सोपं झालं असतं. पण तो बाबांचे पाय दाबायचा, कचेरीतल्या गमती सांगून हसवायचा, माझ्यासाठी गोंदियाहून बांगड्या आणायचा. त्या बांगड्या मी घालायची नाही. विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू होतं, रोज संध्याकाळी मीच वाचायची. रविवारी दादा वाचायला बसला की बाबा पुढे सरकून बसत. मी वाचत असताना ते भिंतीला टेकलेले असत. धम्मात सांगितलंय, दुसऱ्याचं भलं बघून आनंद माना. मी वंदना म्हणायची, साधू साधू म्हणायची आणि बाबा भिंतीपासून किती पुढे सरकले ते नजरेने मोजायची.

बांधीवर जाण्याचंही तसंच. आमच्या धुऱ्यावर एका जागी, वरच्या बांधीतलं पाणी खालच्या बांधीत जावं म्हणून खाच पाडलेली होती. दोन वीत रुंद असेल, पण खाली चिखल. रोज सकाळी शाळेआधी मी बाबांना घेऊन जायची. खाच आली की मी आधी पलीकडे जायची, त्यांच्याकडे तोंड करून उभी राहायची, त्यांचा उजवा हात माझ्या खांद्यावर पडायचा आणि ते पाऊल टाकून पलीकडे यायचे. ना थांबणं ना बोलणं. रविवारी मागे दादा असला की त्याच जागी केवढा सोहळा. “सांभारून बाबा.” “हाव गा बाबू, तू आपला पाय पाह.” दोघांचं हसणं. मी पुढे खांदा देऊन उभी, आणि हसणं माझ्या डोक्यावरून जाणारं. मला वाटायचं, खुंटीला पिशवी लावतात तसा हा हात माझ्या खांद्यावर लावलाय.

मग मी ते केलं.

एका रविवारी फार चिखल होता म्हणून दादा प्लास्टिकचे बूट घालून परत गेला, त्याचे कातडी बूट चुलीजवळ वाळत राहिले. बुधवारी शाळेतून आले. का सुचलं कुणास ठाऊक. मागच्या दाराने आत शिरले, दादाचे बूट घेतले, पुन्हा बाहेर जाऊन बोरिंगपाशी गेले आणि ते बूट पायात चढवले. मोठे होत होते म्हणून पुढे कागदाचे बोळे कोंबले होते. दादासारखी डावी टाच जरा घासत मी फाटकाकडे चालत आले. बोरिंगवरच्या बाया बघतच राहिल्या.

बाबांच्या हातातला दोर थांबला. ते उठून बसले. सदऱ्यावरून हात फिरवला. बुधवार होता, दादाचा दिवसच नव्हता, तरी तो चेहरा उगवला. “प्रशांत? आज काहून आला गा? बरा आहेस ना बाबू?” आणि दोन्ही हात पुढे केले.

मी त्या चेहऱ्यासमोर उभी होते. पहिल्यांदाच तो माझ्याकडे वळला होता. मला तो आणखी थोडा वेळ हवा होता. शेवटी बाबाच घाबरल्यासारखे झाले, “बोलत काहून नाई?” तेव्हा मी म्हणाले, “मी आहो, बाबा.”

“तू?” बाबा म्हणाले. हात खाली गेले. मग दोर हातात घेतला. “मले वाटलं प्रशांत.” एवढंच. रागावले नाहीत, कसले बूट, काय चाललंय, काही विचारलं नाही. चेहरा मात्र मावळला, आणि तो माझ्या नावावर मावळला. बूट काढून मी चुलीजवळ होते तसे ठेवले. त्या रात्री जेवले नाही.

दुसऱ्याच आठवड्यात भंडाऱ्याला शिक्षकांचं आठ दिवसांचं प्रशिक्षण होतं. रोवणा ऐन भरात, घरी आंधळा बाप. नाव काढून घ्या म्हटलं असतं तर कुणी नाही म्हटलं नसतं. मी म्हटलं नाही. दादाला निरोप पाठवला, रजा टाक आणि ये. मनात म्हटलं, राहा आता दोघं. आठ दिवस मीठ कुठे असतं ते शोधा, म्हणजे कळेल घरात उजू नावाचं कुणी होतं.

आठ दिवस मी खाणावळीत जेवले, बाजार फिरले, कडक टाचेच्या नव्या चपला घेतल्या. प्रशिक्षणात काय शिकवलं आठवत नाही. पाच वाजले की माझा हात रिकाम्या टेबलावर चहाच्या सांडशीसाठी फिरायचा, हे आठवतं.

परत आले ती भर दुपारी, बसने. नव्या चपला वाजवत फाटकाची कडी काढली. आणि सपरीतल्या खाटेवर बाबा उठून बसले. दोर बाजूला ठेवला. सदरा नीट केला. रस्त्याकडे तोंड केलं आणि अदबीने विचारलं, “कोन आहे जी? या ना. बसा.”

‘जी’ म्हणाले. मला माझ्या बापाने ‘या, बसा’ म्हटलं. जे वर्षभर मागत होते ते सगळं मिळालं: मान वळली, दोर थांबला, चेहरा माझ्याकडे आला. आणि मी परक्या घरात शिरल्यासारखी अवघडले. “बाबा, मी,” एवढं म्हटलं तसे ते “हं” म्हणाले आणि आडवे झाले. त्या ‘हं’ने मला इतकं बरं वाटेल असं कुणी आधी सांगितलं असतं तर मी भांडले असते. तेवढ्यात त्यांच्या डाव्या मनगटाला लावलेली हळद दिसली.

दादा आतून आला. ओशाळलेला. मला आत बोलावून हळू आवाजात सांगू लागला.

“पहिल्याच दिवशी पडले वं. त्या खाचेत. माह्या हातातून.”

“तू कुठं होता?”

“तिथंच होतो ना! पलीकडे उभा राहून त्याइचा उजवा हात घट्ट धरला होता. बाबा, खाच आली, म्हटलं. हाव म्हने. अन् माह्या हातातून हात सोडवून घेतला. इथं, असा हवेत ठेवला.” दादाने आपला हात पुढे करून दाखवला. छातीच्या थोडा खाली, तळवा पालथा. “अन् त्याच्यावर भार देऊन पाऊल टाकलं. जसं काई तिथं काई आहेच. मले समजेच ना का हे कशावर हात ठेवून राहिले.”

त्याचा हात होता तिथेच अजून हवेत होता. मी त्याच्याजवळ गेले. मी ठेंगणी आहे. दादाचा तळवा माझ्या खांद्याला बरोबर लागला.

दादाने आधी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग चुलीसमोर बसला आणि राख उकरत म्हणाला, “दुसऱ्या दिवशी चहाचा कप मी हातात दिला तं दचकले. उजव्या गुडघ्यापाशी चाचपून राहिले होते. आठ दिवस म्या जे केलं ते त्याइले आडवं गेलं. मी आलो का उठून बसते, सदरा नीट करते. तुले माहीत आहे का उजू, घरच्या मानसासाठी कोनी सदरा नीट करत नाई.”

मला वाटलं होतं, अशा वेळी मला विजय वाटेल. तसं काही वाटलं नाही. दादाची मान खाली होती आणि त्याच्या आवाजातला हेवा मला माझाच वाटत होता. त्याने पूर्वी आणलेल्या बांगड्या मी त्या दिवशी शोधून हातात घातल्या. पहिल्या दिवशी टोचल्या. चार दिवसांनी त्या हातात आहेत हेच विसरले.

दुसऱ्या सकाळी मी आणि बाबा बांधीवर गेलो. नव्या चपला घरीच ठेवल्या. खाच आली. मी पलीकडे गेले, वळले. बाबांचा हात आला. मी पहिल्यांदाच त्या हाताकडे नीट बघितलं. तो शोधत नव्हता, चाचपत नव्हता. पाण्याचा आवाज ओळखणारा, वारा अडला की कळणारा तो माणूस, माझ्याबद्दल त्याला काही विचारायचंच नव्हतं. हात सरळ खांद्यावर आला आणि त्यांचं पाऊल पडलं. पलीकडे कौसल्याबाई आणि बाया मागे मागे सरकत रोवत होत्या. बाबा म्हणाले, “आज पानी बरोबर आहे.”

‘उजू आली’ असं ते शेवटपर्यंत कधी म्हणाले नाहीत.

त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. दादा नोकरीतून सुटला आणि गावी येऊन शेती बघतो. गेल्या वर्षी रोवण्यात मी गावी गेले होते. दादाने धुऱ्यावरच्या खाचेत सिमेंटचा पाइप टाकून वर माती दाबून घेतली आहे. आता तिथे खाच नाही, कुणी सांगितल्याशिवाय कळणारही नाही. आम्ही दोघं धुऱ्यावरून चाललो होतो, मी पुढे, तो मागे, कसल्या तरी बियाण्याबद्दल बोलत. आणि माझे पाय थांबले. मी लांब पाऊल टाकलं, मागे वळले, डावा खांदा थोडा पुढे करून खाली झुकवला आणि उभी राहिले. खांद्यावर काही आलं नाही, तेव्हा मला कळलं मी काय करून राहिले होते.

“काहून थांबली वं?” दादा म्हणाला. मग त्याने माझ्या पायाखालची दाबलेली माती पाहिली, माझा झुकलेला खांदा पाहिला. त्याच्या तोंडावर जे आलं, ते मी ओळखते. शनिवारी संध्याकाळी बोरिंगपाशी बूट वाजले की चुलीजवळ बसून माझ्याही तोंडावर तेच येत असे.